शेठचा पत्ता नाही

डॉक्टरने हॉर्नवर दाबलेला तळहात उचललाच नाही. शेवटी वनरक्षक बाई धावत आली आणि तिने गाडीची काच ठोठावली.

"अहो, राष्ट्रीय उद्यान आहे हे! इथे हॉर्न वाजवत नाहीत."

"आमचा माणूस सापडत नाहीये."

चहाला थांबले असताना शेठ "पाय मोकळे करून येतो" म्हणून जो गेला, तो कप विसळून, पुसून डब्यात गेले तरी परतला नव्हता. फोनला रेंज नव्हती.

तिघं कॉलेजपासूनचे दोस्त. शेठचं चष्म्याचं दुकान होतं, म्हणून तो शेठ. डॉक्टर जनावरांचा. लंबू बँकेतून निवृत्त झालेला. डोंगरातली उद्यानं गाडीने पालथी घालायची टूम त्याचीच. वहिनी गेल्यापासून शेठने दुकानाचं शटर वर केलं नव्हतं. निघताना त्याच्या मुलीने डॉक्टरला बाजूला घेतलं होतं.

"काका, बाबांना एकटं सोडू नका."

तेव्हापासून डॉक्टरच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. शेठने रात्री कूस बदलली तरी तो उठून बसायचा. शेठ आंघोळीला गेला की दाराबाहेर उगाच घसा खाकरत उभा राहायचा.

लंबू धापा टाकत कड्याकडून परतला.

"तिकडे नाहीये."

डॉक्टर कड्याकडेच बघत राहिला. लंबूनेच नजर चुकवत पुढचं सांगितलं, "खालीही पाहिलं."

वनरक्षक बाईने दोघांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं आणि आणखी काही न विचारता ती तळ्याच्या वाटेला लागली.

उतार संपला तिथे एका दगडाशेजारी शेठचे बूट दिसले. नीट जोडीने ठेवलेले, आत मोजे. समोर तळ्याचं पाणी हिरवंगार, ढिम्म.

"अरे, जपून या! तिथे पाय नका देऊ!"

झुडपापलीकडे, गवतात, शेठ अनवाणी ओणवा बसला होता. जवळच एक आजी छत्री टेकून उभ्या होत्या. त्यांच्या चष्म्याची एक काडी शेठच्या ओठांत होती.

"स्क्रू पडलाय यांचा. एवढासा असतो. बुटाखाली रुतला तर संपलंच." त्याने बोट वर केलं. बोटाच्या टोकाला काहीतरी चकाकलं. "हा बघ, सापडला!"

खिशातल्या चाकूच्या टोकाने त्याने काडी बसवली, फ्रेम जराशी वाकवली, आणि चष्मा आजींच्या नाकावर ठेवून दोन पावलं मागे सरकून पाहिलं. दुकानात पाहायचा तसंच.

"आता नाही घसरायचा," तो म्हणाला.

"गाढवा!" लंबू ओरडला. "सांगून जाता येत नाही? जीव गेला असता आमचा!"

त्याचा आवाज मधेच फाटला, तसा तो पाण्याकडे तोंड करून उभा राहिला. आजी आशीर्वाद देऊन बाईसोबत वर निघाल्या. डॉक्टर मात्र त्या बुटांशेजारी मटकन बसला आणि लहान मुलासारखा हमसून रडू लागला.

शेठ त्याच्याजवळ येऊन बसला. बुटांकडे पाहिलं, डॉक्टरकडे पाहिलं. उमजायला त्याला थोडा वेळ लागला.

"पोरीने सांगितलं होतं ना, लक्ष ठेवा म्हणून?"

डॉक्टरने मान डोलावली.

"मनात येऊन गेलं होतं, नाही असं नाही," शेठ हळूच म्हणाला. "पावसाळ्यात. पोरीला कळलं असणार." तो डॉक्टरच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. "आज नव्हतं रे. आज मी स्क्रू शोधत होतो."

बऱ्याच वेळाने त्याने मोजे चढवले.

"खायला काही उरलंय, की तुम्ही दोघांनी फडशा पाडला?"

"ब्रेड आहे," लंबू पाठमोराच म्हणाला.

गाडीपाशी शेठने हात पुढे केला.

"चावी आण. तू सरक तिकडे."

डॉक्टरने मुकाट्याने चावी दिली. वनरक्षक बाईने फाटक उघडलं. शेठने आरसा आपल्या उंचीला लावला, ब्रेडचा तुकडा गालात धरला आणि गाडी घाटाला लावली. पहिलं वळण यायच्या आत शेजारून घोरणं सुरू झालं होतं.

"उठवू का?" मागून लंबूने विचारलं.

"झोपू दे," शेठ म्हणाला.