परक्या रेडकाचा वास

“घातली लाथ परत.” भरमूनं लवंडलेली धारेची चरवी उचलली आणि विजारीवर उडालेलं शेण झटकलं. “बघितलास न्हवं? सकाळधरनं ही तिसरी.”

मायाप्पा म्हशीशेजारी उकिडवे बसले होते. त्यांनी बेतानं कासेवर तळवा टेकवला. कास तटतटली होती, गरम लागत होती. उचगावच्या जनावरांच्या दवाखान्यात ते ड्रेसर होते, मलमपट्टी करणारे. सत्तावीस वर्षं सायकलवरून आसपासच्या गोठ्यांत फिरलेला माणूस. हात लावला की जनावराचं निम्मं दुखणं त्यांना कळायचं.

“दूध हाय आत,” ते म्हणाले. “देत न्हाय ती. रेडकू कुठाय म्हणून इचारती.”

रेडकू गव्हाणीजवळ पोत्याखाली निपचित पडलेलं होतं. परवा संध्याकाळी जन्मलं, दीड दिवस हगवणीनं झिजलं आणि आज दिवस उगवायला गेलं. म्हैस मान वळवून त्या पोत्याकडं बघायची, मग हंबरायची.

“मग सुई मार की. डॉक्टर मारत्यात ती,” भरमू म्हणाला.

“मारतो. आजचं दूध उतरंल. उद्या परत सुई, परवा परत सुई. म्हस हाय का पंप?”

दारात भरमूची आई बाळाबाई बसली होती. तिनं तोंडातली मिश्री थुंकली आणि म्हणाली, “सुई-बिई ऱ्हाऊ दे. मायाप्पा, तुझा बा भीमाप्पा काय झकास रेडकू करायचा रं! कातडं काढून पेंढा भरायचा आन् चार काटक्यांवर उभं करायचा. माझ्या सासूच्या म्हशीनं त्या पेंढ्याच्या रेडकावर आठ म्हैनं दूध दिलं. तसंच कर की. तुमच्या हातातच हाय ते.”

बाळाबाईच्या बोलण्यात वाकडं काही नव्हतं. तिनं ते कौतुकानंच म्हटलं होतं. मायाप्पांनी कासेवरचा हात काढून घेतला.

भीमाप्पाच्या हातात ते होतं खरं. पंचक्रोशीत कुणाचंही जनावर मेलं की ओढायला, सोलायला भीमाप्पा. त्यानं मायाप्पाला आठव्या वर्षीच सुरी धरायला शिकवली होती. संध्याकाळी तो वेशीकडून चालत आला की लोक नाकाला पदर लावायचे, उपरणं लावायचे. मीठ, बाभळीची साल आणि ओलं कातडं यांचा मिळून एक वास त्याच्या अंगाला होता. लहानग्या मायाप्पाला मात्र त्या वासाशिवाय झोप यायची नाही.

मग छप्पन्न साल आलं. नागपुरात धम्मदीक्षा झाली, तिची बातमी वस्तीत पोचली आणि वस्ती एकत्र बसली. मेलेलं जनावर ओढायचं नाही, असं ठरलं. गावानं वर्षभर दळण बंद केलं, वाट बंद केली. पण ठरलं ते ठरलं. भीमाप्पानं आपली सुरी तळ्यात टाकली आणि त्याच ओल्या हातानं एकोणतीस वर्षांच्या मुलाचा हात धरून म्हणाला, “तू बी धरायची न्हाय. कवाच न्हाय.” पुढच्याच वर्षी मायाप्पा दवाखान्यात लागले. जित्या जनावरावर औषध लावायचं काम. म्हाताऱ्याला त्याचा फार अभिमान होता.

“ते काम आमी सोडलं, आक्का,” मायाप्पा सावकाश म्हणाले. “अठ्ठावीस वर्सं झाली.”

“म्हाईत हाय रं बाबा. एवढ्यापुरतं म्हटलं.”

 मायाप्पांच्या मनात दुसरंच काही चाललं होतं. पहाटे ते बेळगुंदीला मष्णूच्या गोठ्यात होते. त्याची म्हैस विताना मेली होती, मागं तिची रेडी, एवढंसं मादी रेडकू, राहिली होती. कोरड्या पेंढ्यावर ती थरथरत पडलेली होती आणि मष्णू तिला बाटलीनं गाईचं दूध पाजायला बघत होता. अशी रेडकं फार तर चार दिवस काढतात, हे मायाप्पांना ठाऊक होतं.

“भरमू, सायकल काढ. बेळगुंदीला जा. मष्णूला म्हणावं, मायाप्पानं रेडी मागितलीय.”

“परक्याचं रेडकू? ही त्याला शिंगावर घील.”

“घील. तू आण तर.”

तो परत येईपर्यंत मायाप्पा गव्हाणीला टेकून बसले आणि डॉक्टरांनी शिकवलेलं मनात घोळवत राहिले.

दवाखान्यातले डॉक्टर हिरेमठ धारवाडकडचे. वयानं लेकासारखे, पण हाक मारताना मानानं, कानडी रीतीनं ‘मायाप्पा अवरे’ म्हणायचे. गेल्या पावसाळ्यात, रोगी नसलेल्या एका दुपारी, त्यांनी औषधाच्या कपाटावर खडूनं म्हशीचा मेंदू काढून दाखवला होता. विताना वासरू जन्माची वाट ताणत बाहेर येतं, तेव्हा त्या ताणाचा निरोप पाठीच्या कण्यातून मेंदूला पोचतो. मेंदूच्या बुडाशी एक रस तयार असतो, तो मग सुटतो. त्यातला एक वाटा रक्तातून कासेला जातो आणि पान्हा सुटतो. दुसरा वाटा मेंदूतच फिरतो. कालपर्यंत कुठल्याही वासराला ढकलणारी तीच मादी त्या रसानं वासरासाठी आसुसते. त्या दोन-चार तासांत जो वास नाकात बसेल, ते तिचं लेकरू. मग दार मिटतं. नंतर दुसरं कुणी जवळ आलं की ती मारायला धावते.

“तोच रस सुईत असतो की, सर,” मायाप्पांनी विचारलं होतं.

“असतो. पण सुईतला रस कासेपर्यंत जातो, मेंदूत शिरत नाही. तो मेंदूनंच सोडायला लागतो, मायाप्पा अवरे.”

“आन् मिटलेलं दार परत उघडत न्हाय?”

डॉक्टर हसले होते. “मेंढ्यांवर कुणी करून बघितलंय म्हणे. हातानं वाट ताणली की मेंदूला वाटतं, परत व्याली. म्हशीचं मी कुठं वाचलं नाही.”

आज डॉक्टर मीटिंगला बेळगावला गेले होते. विचारायला कुणी नव्हतं.

भरमू रेडीला पोत्यात गुंडाळून, कॅरियरला बांधून घेऊन आला. खाली ठेवली तशी ती अडखळत म्हशीकडं गेली. म्हशीनं हुंगलं आणि शिंगानं उडवून लावली. रेडी भिंतीशी जाऊन पडली.

“म्हणलं न्हवतं?” बाळाबाई म्हणाली.

मायाप्पांनी पोत्याखालच्या रेडकाकडं पाहिलं. “हिला त्याचा वास द्यायला पायजे. त्याचं कातडं हिच्या पाठीवर. मग बाकीचं मी बघतो.”

“मग झालं की!” भरमू आत गेला, सुरी घेऊन आला आणि मूठ पुढं करून उभा राहिला. “घे.”

मायाप्पांनी दोन्ही हात पाठीमागं नेले.

“मी दावतो. सुरी तू धर.”

 शेजारचा परशराम कुडावरून डोकावत होता, तो म्हणाला, “भरमू कसा सोलंल? ते काय आपलं काम हाय?”

“मग कुणाचं हाय, परशराम?” मायाप्पांनी शांतपणे विचारलं. “मेलेलं रेडकू भरमूचं. म्हस भरमूची. दूध भरमूच्या घरात जाणार.”

“लोक काय म्हणतील रं?” बाळाबाईचा आवाज बारीक झाला होता.

“ते मी कसं सांगू, आक्का? आमाला काय म्हणत हुते, ते ठावं हाय.” मग ते भरमूकडं वळले. “न्हाय जमत तर ऱ्हाऊ दे. माझा राग न्हाय. सुई देतो, दूध निघंल. रेडी मी मष्णूला परत नेऊन देतो.”

भिंतीजवळ रेडी आवाज न करता तोंड उघडून मिटत होती. भरमूनं तिच्याकडं पाहिलं, मग आईकडं. बाळाबाईनं मान खाली घातली. तो पोत्याजवळ जाऊन बसला.

“कुठनं?”

“गळ्याखालनं. सरळ. दाबू नगंस.”

भरमूनं सुरी टेकवली. ती भलतीकडं शिरली, कातडं फाटलं. मायाप्पांची बोटं पाठीमागं आपोआप हलली. आठव्या वर्षी शिकलेलं सगळं तसंच शिल्लक होतं: अंगठा कुठं ठेवायचा, कुठं सुरी सोडून नुसत्या मुठीनं ढकलायचं. ते स्वतः बसले असते तर पाव तासात झालं असतं, आणि इकडं रेडीची मान पडत चालली होती. एकदा ते अर्धवट पुढं वाकलेही. मग त्यांनी एका हातानं दुसरा हात घट्ट धरला.

“आता सुरी ठेव. मूठ घाल मधी. कातडं आन् मांस आपापलं येगळं हुतंय. हां, तसं. घाई नगं.”

तासाभरानं कातडं निघालं. आतून मीठ चोळून भरमूनं ते रेडीच्या पाठीवर सुतळीनं बांधलं. मग मायाप्पांनी सदरा काढला, खांद्यापर्यंत हात धुतला, गोडं तेल लावलं आणि म्हशीच्या मागं उभे राहिले. शेकडो वेळा अडलेल्या म्हशींची रेडकं याच हातानं त्यांनी सोडवली होती. आज आत रेडकू नव्हतं. मूठ मिटून त्यांनी वाट हळूहळू ताणली, थांबले, परत ताणली. म्हैस पाठ वाकवून कळा द्यायला लागली. कपाळावरचा घाम त्यांच्या डोळ्यांत उतरला.

“आता आण. तोंडाम्होरं.”

भरमूनं रेडी पुढं सरकवली. म्हशीनं फुसकन श्वास सोडला, डोकं खाली घातलं. परशरामनं कुड घट्ट धरला. तिनं शेपटापाशी हुंगलं, पाठीवर हुंगलं, पुन्हा शेपटापाशी आली. घशातून एक खोल, बारीक आवाज निघाला. मायाप्पांना तो ओळखीचा होता. नुकत्याच व्यालेल्या म्हशीखेरीज तो कुणी काढत नाही. मग तिची खरखरीत जीभ रेडीच्या तोंडावरून फिरली.

सडांतून दूध आपसूक ठिबकायला लागलं होतं. बाळाबाईनं पदर डोळ्यांना लावला.

पुढचे तीन दिवस मायाप्पांनी सांगितल्याप्रमाणं भरमू रोज थोडं थोडं कातडं कापून कमी करत राहिला. चौथ्या दिवशी पाठीवरचा शेवटचा तुकडा सोडला. म्हैस क्षणभर थबकली. मग रेडीला तशीच चाटायला लागली.

परसात भरमूनं आधीच खड्डा खणून ठेवला होता. सगळे तुकडे एका पोत्यावर ठेवलेले होते. तो हात चोळत म्हणाला, “चुलत्यानं काल जेवताना येगळं बसीवलं, अण्णा. म्हणतो, वास येतोय.”

भरमूनं आजवर त्यांना अण्णा म्हटलं नव्हतं.

“येतोय व्हय?”

“मला न्हाय येत. बायकोबी नाक मुरडती. धाकटी पोरगी तेवढी काय ऐकंना, तशीच येऊन गळ्यात पडती.”

मायाप्पा हसले नाहीत. ते वाकले आणि मीठ लावलेला, पाठीचा मोठा तुकडा दोन्ही हातांनी उचलला. तो वाळून कडक झाला होता. खड्ड्यात ठेवता ठेवता त्यांचे हात थांबले, वर आले आणि त्यांनी तो नाकाशी धरला. डोळे मिटून बराच वेळ तसेच उभे राहिले. म्हाताऱ्या बापानं सुरी टाकली, साबणानं अंग घासायला लागला, त्या दिवसापासून हा वास घरातून गेला होता. तो हवासा वाटतो, हे कुणाला सांगता आलं नव्हतं. म्हाताऱ्याला तर मुळीच नाही.

“काय बघतासा, अण्णा?”

“काय न्हाय,” मायाप्पा म्हणाले. “मीठ बरोबर लागलंय.”

आणि त्यांनी केसांची बाजू वर करून ते कातडं खड्ड्यात नीट पसरलं.