नवं खातं

भोकं... कागदाच्या बोटभर रुंद पट्टीवर ओळीनं पाडलेली बारीक गोल भोकं. खिडकीच्या उजेडात धरली की प्रत्येकातून वरळीच्या आभाळाचा एकेक ठिपका दिसतो, आणि पट्टी सरकवली की ठिपके पळू लागतात. निघायला हवं, केस विंचरायचे राहिलेत हे चंपाला कळत होतं, तरी पट्टी तिच्यानं खाली ठेववत नव्हती. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी त्यांच्या वर्गाला कुलाब्याच्या एका संशोधन संस्थेत नेलं होतं, तेव्हा तिथल्या माणसानं ती हातात ठेवली होती. "ही गणितं आहेत, हे यंत्र ती वाचतं," असं म्हणून. खोलीभर उभी केलेली लोखंडी कपाटं, त्यांच्यात मंद जळणाऱ्या काचेच्या नळ्या, आणि यंत्राला उकडू नये म्हणून गार केलेली हवा — बाकीच्या मुली पदर लपेटून हसल्या होत्या, काय बाई यंत्राचे लाड! ती हसली नव्हती. तिला वाटलं होतं... काय वाटलं होतं? की एवढं मोठं हे धूड, पण आपण कोण, कुणाच्या, कुठल्या चाळीतल्या, हे त्याला ठाऊक नाही. आणि ठाऊक नाही हे किती बरं आहे.

"शाळेत ना गं?" जाईबाईंनी चुलीपासून विचारलं.

"नाही आई. कॉलेजात. एम.एस्सी.च्या मुलाखतीला."

आईचा हात तव्यावर थांबला. महापालिकेच्या शाळेतली चंपाची हंगामी नोकरी आज कायम व्हायची होती. परळला जाऊन सही करायची, एवढंच बाकी होतं. "बाबांना माहीत आहे?"

"ते गिरणीच्या पाळीवरून आले की सांगीन."

जाईबाईंनी ताटात आणखी एक भाकरी टाकली. "पोटभर खाऊन जा मग. भांडायला ताकद लागते."

गॅलरीत कुशाबाकाका पताकांची दोरी बांधत होते. बाबांच्या गिरणीतले, युनियनचे. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यात लाठी खाल्ल्यापासून त्यांचा डावा हात खांद्याच्या वर जात नसे, तरी दोरी स्वतःच बांधायची हा हट्ट. शाळेची नोकरी त्यांनीच चार ठिकाणी खेटे घालून मिळवून दिली होती.

"एक मेला आपलं राज्य, चंपे! आता मराठी शाळा वाढणार, मास्तरणी लागणार. शाळेच्या मोठ्या बाईंना आज गाठ म्हणजे झालं."

"काका, मी ती नोकरी घेत नाही."

दोरी त्यांच्या हातातून सुटली. "मग करणार काय?"

"हिशेब करणारं यंत्र असतं, त्याचा अभ्यास करणार. कॉलेजात नवीन विषय निघतोय."

"आणि ते शिकून पगार कोण देणार?"

"माहीत नाही," ती म्हणाली, आणि जिना उतरली.

बसमध्ये तो प्रश्न तिच्याशेजारी बसून आला. माहीत नाही... असं कुणी म्हणतं का? आमच्या घरात शिक्षण म्हणजे उजेड, तो तर खराच, पण उजेडानं चूलही पेटायला हवी — हे मला कळत नाही का? कळतं. पण मृणालिनीच्या भावाला, वर्गातल्या त्या गिरगावच्या मृणालिनीच्या, त्यानं तत्त्वज्ञान घेतलं तेव्हा कुणी विचारलं होतं का पगार कोण देणार म्हणून? आम्हीच तेवढं जे शिकायचं त्याला आधी नोकरीचं दार असायला हवं, आणि दारावर पाटीही हवी, की या, तुमच्यासाठी उघडं आहे! हिंदमातापाशी बस थांबली, साड्यांच्या दुकानांत दिव्यांच्या माळा चढवत होते, आणि तिला सगळ्यांचाच एकदम राग आला, माळांचासुद्धा.

मुलाखत घेणारे प्राध्यापक हेरंब कोठारे मुंबईतल्या जुन्या घराण्यातले होते. पांढरा कोट, मऊ आवाज. गणिताचे प्रश्न त्यांनी भराभर विचारले, तिनं भराभर सोडवले. मग त्यांनी चष्मा काढला.

"वडील काय करतात?"

"गिरणीत आहेत."

"कुठल्या खात्यात?"

आवाज मऊच होता. पण गिरणगावात वाढलेल्याला हा प्रश्न कळतो. मागखातं म्हणजे विणाई, चांगला पगार. तिथं धोट्यातला, आडवं सूत नेणाऱ्या त्या लाकडी नळीतला, धागा तोंडानं ओढावा लागे, म्हणून बाबांच्या जातीच्या तोंडाला लागलेला धोटा बाकीच्यांना चालत नसे, आणि म्हणून बाबा आयुष्यभर साच्यांवर, सूत काततायत... खातं सांगितलं की बरंच काही सांगून होतं. ठीक आहे. तिनं मान वर केली.

"साचेखात्यात. तिकडे मागावर आम्हाला घेत नाहीत."

कोठाऱ्यांनी चष्मा पुन्हा लावला; कान लाल झाले होते. "माझ्या मनात तसं काही नव्हतं. मी तुमच्या हिताचं सांगतो, अख्ख्या देशात असली यंत्रं बोटांवर मोजण्याइतकी. हे शिकून तुम्ही जाल कुठं? तुमच्या अर्जात लिहिलेली शिक्षिकेची हातातली नोकरी —"

"यंत्रं वाढतील तेव्हा शिकलेलं माणूस लागेल ना, सर?"

"आणि नाहीच वाढली तर?"

"तर मला गणित जास्त येत असेल. शाळा काही पळून जात नाहीत."

ते किंचित हसले की नुसतेच ओठ दाबले, हे तिला कळलं नाही. "कळवू," ते म्हणाले.

दुपारी ती घरी आली तेव्हा बाबा, कोंडीराम, पाळीवरून येऊन भिंतीला टेकून बसले होते. केसांत कापसाचे तंतू तसेच होते. कुशाबानं सांगितलेलं दिसत होतं. ते ओरडतील अशी तयारी करून ती आली होती, आणि ते ओरडलेच नाहीत.

"बस," ते म्हणाले. "मी दोन साचे बघायचो. मग मालकानं सुधारणा आणली, चार बघायला लावले. माझ्या शेजारचा राजाराम घरी गेला, गावाला जाऊन मेला. युनियननं संप केला, काय झालं? आता तू म्हणतेस हिशेबाचं यंत्र. म्हंजे उद्या हापिसातली माणसं घरी. त्यांना घालवणाऱ्यांत तू बसणार?"

हे तिनं गृहीत धरलं नव्हतं. पगाराचं उत्तर, लग्नाचं उत्तर, लोक काय म्हणतील याचं उत्तर, बसमध्ये सगळी रचून झाली होती...

"बाबा, मागखात्यात तुम्हाला कधी घेतलं?"

"नाही."

"का, तर ते खातं आधीच भरलेलं होतं. बाप, मग मुलगा, मग त्याचा भाचा. हे खातं नवं आहे. यात अजून कुणाच्याच बापाची जागा नाही. ती धरली जायच्या आत मला शिरायचंय."

कोंडीरामांच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी हललं, अभिमान असेल, जुनं दुखणंही असेल. मग त्यांनी डोकं हलवलं.

"पण मी इचारलं त्याचं उत्तर हे नव्हं."

"नाही," ती म्हणाली. "नाहीये माझ्याकडे."

ते उठले, घटाघटा पाणी प्याले आणि गॅलरीत कुशाबाच्या मदतीला गेले. हो म्हणाले नाहीत. जाऊ नकोस असंही म्हणाले नाहीत. आई तांदूळ निवडत होती, तिनं वर पाहिलं नाही.

चंपा तिथंच बसून राहिली. तिच्या डोळ्यांसमोर आता दुसरंच काही होतं — राजाराम, ज्याला तिनं कधी पाहिलं नव्हतं, आणि न पाहिलेल्या कितीतरी कारकुनांचे वाकलेले पाठकणे. कोठाऱ्यांच्या प्रश्नांना तिनं दार लावून घेतलं होतं, पण बाबांचा प्रश्न आत आला होता आणि जायचं नाव घेत नव्हता. राहू दे. मला घेतलं तर हा घेऊनच जाईन मी तिथं, त्या गार खोलीत. नाही घेतलं तर पुढच्या वर्षी पुन्हा, हा घेऊनच. यंत्र बनवणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी हा प्रश्न कुणी विचारला असेल? साच्यांवरून उठून आलेल्या कुणी?... तिला भीती वाटत होती, आणि माघार घ्यावीशी मुळीच वाटत नव्हती, आणि दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं याचं तिला आज पहिल्यांदाच नवल वाटलं नाही.