सतरा नंबरची माती

दादरच्या त्या परिषदेत कायदा, मानसशास्त्र, शिक्षण, गणित आणि मृदाशास्त्र असे पाच विषय एकाच सभागृहात कोंबले होते. त्यामुळे एकाचं दुसऱ्याला ओ की ठो कळत नव्हतं, टाळ्या मात्र सगळेच पिटत होते. प्रिती मागच्या रांगेत दातओठ खात बसली होती. पडद्यावर तिचाच तक्ता होता, दोन वर्षं वडाळ्याच्या उन्हात माती खणून तिने तयार केलेला, आणि खाली नाव होतं तिच्या गाइडचं, डॉ. तावड्यांचं. एकट्याचं! आयत्या बिळावर नागोबा मेला.

"मिठागरातले हे वीसही नमुने मी स्वतः खणलेत," तावडे छाती फुगवून म्हणाले.

प्रिती उठली. "सर, मग सतरा नंबरची माती एवढी सुपीक कशी?"

"मिठागराच्या पार टोकाची आहे ती. गुडघाभर चिखलात शिरलो होतो मी."

"ती मी तुलनेसाठी घेतली होती," प्रिती म्हणाली. "लालबागला आमच्या चाळीत, आईच्या कढीपत्त्याच्या कुंडीतून. आमच्या घरी कधी येऊन गेलात, सर?"