शेजारचा अनुक्रमांक

“मामी, सही तेवढी करा. बाकी सगळं मी भरलंय,” म्हणत प्रबुद्धने फॉर्म टीपॉयवर ठेवला आणि टोपण काढून पेन सासूच्या हातात दिलं.

राधाबाईंनी फॉर्म उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाल्या, “माझा चष्मा कुठंय?”

“डोक्यावर,” स्वयंपाकघरातून माधुरीचा, त्यांच्या लेकीचा आवाज आला.

चष्मा डोळ्यांवर आला. फॉर्म नंबर आठ, मतदार यादीतला पत्ता बदलल्याचा. जुना पत्ता भांडुप पश्चिम, समता चाळ, खोली चौदा. नवा पत्ता बोरिवली पूर्व, लेकीची इमारत, तिसरा मजला. जावयाने सगळं इतकं नीट भरलं होतं की नाव ठेवायला कुठे जागा नव्हती, आणि राधाबाईंची पंचाईत नेमकी तीच होती.

“रविवारी भांडुपला जाते,” त्या म्हणाल्या. “शाळेत यादीवाल्या बाई बसतात, त्यांना विचारते आणि मग करते सही.”

“अहो, विचारायचं काय त्यात? चाळ पडून सात वर्षं झाली. तिथं आता रिकाम्या जागेभोवती नुसते पत्रे आहेत. तपासणी चालू आहे, तुम्ही सापडला नाहीत तर नावच उडवतील. मग बसा पहिल्यापासून नवा फॉर्म भरत.”

“उडवतील कसं? मी जिवंत आहे ना.”

“तुम्ही आहात हो मामी, पण खोली नंबर चौदा नाहीये ना!”

प्रबुद्धचं काही चुकत नव्हतं. राधाबाईंनाही ते कळत होतं. महापालिकेच्या प्रसूतिगृहात त्यांनी एकतीस वर्षं आयाबाई म्हणून काढली होती, आणि रजिस्टरात नोंद नाही तर बाळ नाही, हे त्यांनी तिथे रोज पाहिलं होतं. शिवाय मत म्हणजे त्यांच्या घरी साधी गोष्ट नव्हती. बुलढाण्याकडचा त्यांचा बाप मतदानाला जाताना नवी टोपी घालायचा. पोरीला म्हणायचा, बाबासाहेबांनी दिलेलं आहे, ताप असला तरी जायचं. ताप असतानाही त्या गेल्या होत्या. नवरा भीमराज वारला त्याच्या पुढच्याच महिन्यात मतदान होतं, तेव्हाही गेल्या होत्या. नाव उडालं तर बापाला तोंड दाखवायला जागा राहणार नव्हती.

तरीही पेन टेकवायला हात धजत नव्हता. कारण यादीतल्या त्यांच्या नावाच्या आधी, एका क्रमांकाच्या अंतरावर, अनुपमा होती.

अनुपमा दशरथ परब, खोली तेरा. दोन्ही खोल्यांच्या मधली भिंत अशी की एकीकडे मिरचीची फोडणी पडली की दुसरीकडे ठसका लागायचा. माणसं कोकणातली, मालवणकडची. दशरथ आधी गिरणीत होता, गिरणी बंद पडल्यावर अंधेरीला औद्योगिक वसाहतीत गेटवर उभा राहिला. अनुपमा उंचीला जेमतेम राधाबाईंच्या खांद्याएवढी आणि आवाजाने मात्र चाळीच्या दोन्ही टोकांना पुरणारी. राधाबाईंची रात्रपाळी असली की लहानगी माधुरी परबांच्या नितेशशेजारी झोपायची आणि सकाळी आईला मालवणीत उत्तरं द्यायची.

मतदार यादी बनवणाऱ्याने चाळीतून चालत जात नावं लिहिली असावीत, कारण चाळ जशी होती तशीच ती कागदावर उतरली होती. परबांचे तिघे, त्यात शेवटी अनुपमा सहाशे दहा, मग राधा भीमराज इंगळे सहाशे अकरा. मतदानाच्या दिवशी दुपारी दोन वाजता, जेवणं आटोपून, दोघी बरोबर निघायच्या. शाळेच्या भिंतीला यादी चिकटवलेली असायची. अनुपमा चवड्यांवर उभी राहून मान ताणायची, मग दमून म्हणायची, “वाच गो माजा नाव, माका दिसणा नाय.” राधाबाई वाचून दाखवायच्या. मग आपलंही वाचायच्या.

शाईची तर दोघींची पैज असायची. जिच्या बोटावरची आधी जाईल तिने दुसरीला खायला घालायचं. फिनेलच्या पाण्यात हात असलेल्या आयाबाईची शाई कितीशी टिकणार? दर वेळी राधाबाईच हरायच्या आणि पुरणाची पोळी करायच्या. पण आत जाऊन कुणाला मत दिलं, हे मात्र सव्वीस वर्षांत एकीने दुसरीला विचारलं नाही. विचारलं असतं तर बहुधा भांडणच झालं असतं.

भांडण शेवटी झालंच, पण ते बिल्डरवरून. चाळ पाडून नवी इमारत बांधायच्या संमतीच्या कागदावर परबांनी सही केली, इंगळ्यांनी केली नाही. “तू आमच्या पोटावर पाय देतंस,” असं अनुपमा सगळ्या चाळीसमोर म्हणाली. राधाबाईंनीही मागेपुढे पाहिलं नाही, तोंडाला येईल ते बोलल्या. तीन महिने भिंतीपलीकडून फक्त भांड्यांचा आवाज येत राहिला. मग एके दिवशी राधाबाई ड्यूटीवरून आल्या तर तेरा नंबरला कुलूपही नव्हतं, दार सताड उघडं आणि आत भिंतीवर कॅलेंडरचा पांढरा चौकोन. परब टेम्पोत सामान भरून गेले होते. दोन महिन्यांनी राधाबाईंनाही निघावं लागलं. सही करणारे आणि न करणारे, दोघांच्याही नशिबी सारखेच पत्रे आले.

पुढच्या वर्षी लोकसभेचं मतदान आलं. राधाबाई बोरिवलीहून दोन बस बदलून शाळेत पोहोचल्या, तर भिंतीपाशी एक ठेंगणी बाई चवड्यांवर उभी. दोघींनी एकमेकींना पाहिलं. राधाबाई बघतच राहिल्या.

“अशी काय बघतंस?” अनुपमा म्हणाली. “वाच गो माजा नाव!”

झालं, भांडण तिथेच मिटलं. त्याच वर्षी विधानसभेला दोघी परत भेटल्या, शाळेच्या पायरीवर बसून डब्यातल्या पोळ्या खाल्ल्या. अनुपमाने नितेशचा नंबर लिहून दिला. तेव्हा ते लोक भाड्याने कुठेतरी कळव्याला होते, पण दर अकरा महिन्यांनी घर बदलावं लागत होतं. निघताना राधाबाईंनी तिचा हात धरला आणि म्हणाल्या, “पुढच्या खेपेला नक्की ये हां.”

“येतलंय गो. जिती आसलंय तर मतदानाक येतलंय.”

नंतर टाळेबंदी आली. नितेशचा नंबर अस्तित्वात नाही, असं फोनमधली बाई सांगू लागली. पाच वर्षांनी पुन्हा लोकसभा आली. राधाबाई पोळ्यांचा डबा घेऊन सकाळी नऊपासून शाळेच्या पायरीवर बसल्या, सहा वाजता दार बंद झालं तेव्हा उठल्या. सहा महिन्यांनी विधानसभेलाही तेच झालं. बाहेर पक्षांच्या टेबलांवर याद्या होत्या. सहाशे दहावर कोण आहे, एवढं विचारलं असतं तर कुणीही सांगितलं असतं. पण राधाबाईंनी विचारलं नाही, भिंतीवरची यादीही वाचली नाही. जिती आसलंय तर, असं ती म्हणाली होती, आणि ती आली नव्हती. विचारलं नाही तोवर ती होती.

म्हणून फॉर्म नंबर आठवर सही होत नव्हती. नाव बोरिवलीला गेलं की अनुपमा यायची ती जागाच संपली असती.

रविवारी राधाबाई भांडुपच्या शाळेत पोहोचल्या. पहिलीच्या वर्गात लहान बाकावर गुडघे दुमडून दर्शना बसली होती. एरवी ती तिथे शिकवायची, सध्या यादीचं काम गळ्यात पडलेलं. समोर कागदांचा ढीग आणि अर्धा राहिलेला वडापाव.

“समता चाळ?” ती म्हणाली. “मावशी, तीन चकरा मारल्या मी. पत्र्यांना हाका मारू का? सगळी चाळ यादीत आहे आणि जागेवर एक माणूस नाही. माझी तर वाट लागली.”

“माझं नाव बघ ना बाळा. राधा भीमराज इंगळे.”

दर्शनाने बोट फिरवलं. “हे बघा. पाचशे अठ्ठ्याऐंशी.”

“सहाशे अकरा होतं.”

“वरची नावं कमी झाली की नंबर वर सरकतो.”

राधाबाईंनी पाहिलं. त्यांच्या आधीचं नाव अकरा नंबर खोलीतल्या म्हाताऱ्याचं होतं. खोली तेरा कुठेच नव्हती. इतकी वर्षं टाळलेलं आता नाकासमोर होतं. त्यांनी बाकाची कड घट्ट धरली.

“इथं परब होते. ते कुठे गेले?”

“आधीच कमी झालेत म्हणजे. का, ते जुन्या पुरवणी यादीत असेल. तुमचे कोण?”

“शेजारी,” राधाबाई म्हणाल्या. आपल्याच आवाजाला तो शब्द त्यांना फार छोटा वाटला.

दर्शनाने एकवार त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि उठून लोखंडी कपाट उघडलं. सुतळीने बांधलेले गठ्ठे निघाले. तिसऱ्या गठ्ठ्यात पान सापडलं. तीन चौकटी आणि तिन्हींवर आडवी काट.

“थांबा, घाबरू नका,” दर्शना म्हणाली. “नावापुढे इंग्रजी अक्षर असतं. ई म्हणजे माणूस वारला. एस म्हणजे दुसरीकडे राहायला गेला. परब दशरथ... ई.”

राधाबाईंनी डोळे मिटले. गेटवरून घरी येताना माधुरीसाठी पेरू आणणारा दशरथ. चाळीत एवढ्या मोठ्या आवाजाच्या बाईबरोबर एकदाही आवाज न चढवता जगलेला माणूस. तो गेला आणि अनुपमाशेजारी कोण बसलं असेल, हे त्यांना माहीत नव्हतं.

“परब नितेश, एस. परब अनुपमा...” दर्शनाने पान खिडकीकडे धरलं. “एस.”

“नीट बघ.”

“एस आहे मावशी. स्वतः बघा.”

राधाबाईंनी चष्मा पुसला आणि पाहिलं. वळणदार अक्षर होतं. त्या खुर्ची नसलेल्या वर्गात सरळ जमिनीवर बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडल्या. दर्शनाने वडापाव बाजूला सारला आणि पाण्याची बाटली पुढे केली.

“कुठे गेली ते नाही का लिहिलेलं?”

“इथे नाही दिसत. आणि दिसलं असतं तरी दुसऱ्याचा पत्ता मला देता येत नाही. अनुपमा परब नावाने शोधाल तर राज्यात किती निघतील, विचार करा.”

“नको. राहू दे.” त्यांनी पदराने डोळे पुसले. “माझ्या नावापुढं काय लागंल?”

“हा आठ नंबरचा फॉर्म तुमच्या बोरिवलीच्या यादीवाल्या बाईंना दिलात, तर तिकडे नाव चढेल आणि इथे एस लागेल. नाही दिलात तर तुम्ही सापडत नाही असं मलाच लिहावं लागेल. मग एम. म्हणजे बेपत्ता.”

“आणि ती यादी इथं भिंतीला लागते?”

“कमी झालेल्या नावांची? लागते की, हरकत कुणाची असेल तर म्हणून. आठवडाभर असते.”

राधाबाईंनी पिशवीतून फॉर्म काढला. पेन मागितलं. लहान मुलांच्या बाकावर तो सपाट पसरला आणि आयाबाई असताना पगारपत्रकावर करायच्या तशी, एकेक अक्षर दाबून, पूर्ण नावाची सही केली. शाई वाळेपर्यंत फुंकर मारली. फॉर्मची घडी करून ती पोळ्यांच्या डब्याखाली ठेवली. मग डबा उघडून एक पोळी दर्शनाच्या कागदांवर ठेवली.

“अहो मावशी, हे कशाला?”

“खा. उपाशी काम करू नये.”

दारापर्यंत जाऊन त्या थांबल्या. बाहेरच्या भिंतीवर जुन्या याद्यांचा डिंक वाळून पिवळा झाला होता, थेट त्यांच्या डोळ्यांच्या रेषेत. त्या मागे वळल्या.

“पोरी, माझं नाव ज्या पानावर येईल ना, ते पान जरा खाली लाव हां. तिला वरचं दिसत नाही.”