लिटरभर संशय

मित्रांनो, मी लिटरचं एक जुनं माप आहे. पण गोष्ट ऐकायला जवळ येण्याआधी जरा तिथेच थांबा. हात दाखवा बघू. खिशात काय आहे? राग मानू नका. माझा कुणावर चटकन विश्वास बसत नाही. अख्खा जन्म पेट्रोल पंपावर काढला असता तर तुमचाही बसला नसता.

तांब्याच्या पातळ पत्र्यातून एका कारागिराने मला घडवलं. गोल पोट, अरुंद मान, एक भक्कम मूठ आणि अंगावर काचेची उभी पट्टी, तिच्यावर बारीक रेघा. वजनमापं तपासणाऱ्या साहेबांनी माझ्यात पाणी ओतलं, रेघेच्या पातळीत डोळा आणून पाहिलं आणि मुठीखाली शिक्का ठोकला. "एक थेंब इकडे नाही की तिकडे नाही," ते म्हणाले. त्या दिवशी मला स्वतःचा फार अभिमान वाटला. पुढे तो अभिमान जरा जास्तच वाढला, हेही कबूल करतो.

पंपावर मला मामांच्या हाताखाली दिलं. पंपावर तेल भरणाऱ्या त्या माणसाला सगळं गाव मामा म्हणायचं. कुणी तक्रार केली, की मामा मला बाहेर काढायचे, यंत्रातून लिटरभर पेट्रोल माझ्यात भरायचे आणि गिऱ्हाइकापुढे धरायचे. दहातल्या नऊ वेळा यंत्र बरोबर निघायचं. तरी गिऱ्हाईक मला खालून, वरून, आतून तपासायचं आणि पुटपुटत निघून जायचं. माणसं कशी असतात, ते मी तिथेच शिकलो.

सगळ्यात जास्त खोटं मी एकाच प्रश्नावर ऐकलं. "गाडी किती देते?" म्हणजे एका लिटरला किती किलोमीटर जाते. गाडी बावीस देत असेल, तर माणूस शेजाऱ्याला पंचवीस सांगतो, आणि मेहुण्याला अठ्ठावीस. नवी गाडी घेताना चाकं, ब्रेक, दिवे राहिले बाजूला, आधी किती देते ते बोला. कंपनीच्या आकड्यावर कुणाचा विश्वास नसतो, मेहुण्याच्या आकड्यावर मात्र असतो. आणि एवढी काटकसरी गाडी घरी आली, की कोपऱ्यावरच्या दुकानातून साबण आणायलाही तीच काढायची. मामा हे सगळं ऐकून नुसते हसायचे. मी हसत नसे. मी मनात हिशेब ठेवायचो, कोण किती फेकतो त्याचा.

एके वर्षी चौकातल्या मोटारींच्या शोरूमच्या शेठनी स्पर्धा जाहीर केली. शंभर किलोमीटर जायचं आणि जो सर्वांत कमी पेट्रोल जाळेल, त्याला नवी कोरी छोटी गाडी. निघताना टाकी काठोकाठ भरून झाकणावर लाखेचा ठसा मारायचा. परत आल्यावर ठसा फोडून माझ्यात मोजून टाकी पुन्हा काठोकाठ भरायची. जेवढं मावलं, तेवढं जळलं. साधी गोष्ट होती. पण माणसांनी ती साधी ठेवली तर ना!

पाच गाड्या उतरल्या. लाकडाच्या वखारीच्या मालकाने आपल्या गाडीची मागची सीट, जादा चाक, पायपुसणी, सगळं काढून ठेवलं होतं. चाकांत हवा इतकी ठासली होती की ती दगडासारखी झाली होती. वजन कमी व्हावं म्हणून हा गृहस्थ सकाळपासून उपाशी होता. बाकीचेही कमी नव्हते. एकटीने काहीच काढलं नव्हतं. ती म्हणजे घरोघरी जाऊन आजाऱ्यांना औषधपाणी करणारी नर्स. सगळे तिला सिस्टर म्हणत. जुनाट गाडी, मागे औषधांची जड पेटी आणि एक घडीची चाकाची खुर्ची. तिची गाडी आता जेमतेम महिनाभर चालेल, असं मिस्त्रीने सांगून टाकलं होतं. गावाबाहेर वीटभट्टीपलीकडच्या सोळा घरांत अंथरुणाला खिळलेली माणसं होती आणि तिकडे दुसरं कुणी जात नव्हतं. गाडी मिळाली तर सिस्टरच्या फेऱ्या चालू राहणार होत्या, नाहीतर बंद.

हे मला तेव्हाच ठाऊक होतं. तरी माझा पहिला विचार काय, तर काही न काढता ही बाई उतरलीय म्हणजे हिच्याकडे नक्की काहीतरी युक्ती आहे.

गाड्या एकेक करून परत आल्या. मामा मला भरायचे, टाकीत ओतायचे, पुन्हा भरायचे. पहिल्याच गाडीला कुणीतरी ओरडलं, "मापात तळाशी राहतंय! झटका!" मामांनी मला पालथं करून झटकलं. "असं नाही, ठोका!" मग मामांनी मला पंपाच्या दगडी कट्ट्यावर ठोकलं. झाला नियम. एकाला ठोकलं मग दुसऱ्याला का नाही? प्रत्येक ओतण्यानंतर दोन ठोके, आणि लोक मोठ्याने मोजणार. ज्या थेंबासाठी भांडण चाललं होतं, तो टाकीत न जाता दगडावर सांडत होता, हे कुणाच्या लक्षात येईना. खरं सांगू? मलाही ते ठोकणं आवडत होतं. या लबाडांना अशीच अद्दल हवी, असं वाटायचं.

वखारवाल्यांची गाडी दुसरी आली. चार मापं आणि वर तीस मिलिलिटर. ते पुढे गेले. तिसरी आणि चौथी गाडी बरीच मागे पडली. सिस्टर शेवटी आल्या. मागच्या सीटवर रोगी झोपलाय असं समजून त्या रोज चालवत, ना झटका ना करकचून ब्रेक. त्या दिवशीही तशाच चालवत आल्या. पण शांतपणे आलेली गाडी पाहून लोकांना शंका आली. झाकणावरचा ठसा शाबूत होता, तरी पेटीत पेट्रोलचा डबा असणार! शेठनी पेटी टेबलावर पालथी करायला लावली. कापूस, पट्ट्या, मलम, एका आजोबांचा चष्मा. डबा नव्हता. सिस्टरनी एकेक पट्टी पुन्हा गुंडाळून आत ठेवली. कुणी मदत केली नाही, आणि मीही मनात म्हणत होतो, दुसरीकडे लपवला असेल.

त्यांच्या वेळी ठोके सर्वांत जोरात पडले. चार मापं आणि वर एकशेवीस. नव्वद मिलिलिटरने त्या हरल्या.

मामा हळूच म्हणाले, "सिस्टर, माप एकदा तपासून घेऊ का?"

"नको हो मामा. लोक खोळंबलेत. आणि तुमच्यावर कसला संशय घ्यायचा?"

एवढ्या गर्दीत संशय न घेणाऱ्या त्या एकट्याच होत्या. मला वाटलं, चोरी उघडी पडेल म्हणून ही तपासणी नको म्हणतेय.

आठ दिवसांनी तपासणीचे साहेब आले. त्यांनी माझ्यात पाणी ओतलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. माझ्या पोटाला मागच्या बाजूने मोठा पोचा पडला होता. लिटरच्या रेघेपर्यंत भरूनही माझ्यात चाळीस मिलिलिटर कमी मावत होतं. ठोकून ठोकून मी आत गेलो होतो. मी जगाकडे डोळे वटारून बघत राहिलो आणि स्वतःचं पोट बघितलंच नाही. साहेबांनी माझा शिक्का छिन्नीने पुसून टाकला. तो घाव मला लागला नाही. मामांचा चेहरा पाहून मात्र लागला.

मामा बोटांवर मोजत होते. वखारवाल्यांच्या वेळी मी धड होतो, पोचा तिसऱ्या-चौथ्या गाडीच्या ठोक्यांनी पडला होता. सिस्टरची चार मापं, प्रत्येकी चाळीस कमी, म्हणजे एकशेसाठ. सिस्टरच्या गाडीने वखारवाल्यांपेक्षा कमी पेट्रोल घेतलं होतं. मला पिशवीत घालून ते तडक शेठकडे गेले.

शेठ म्हणाले, "मामा, फोटो छापून आलेत. त्या जिंकलेल्या गाडीची रोज चार गिऱ्हाइकं चौकशी करतायत. आता कशाला उकरून काढता?"

"आणि त्या सोळा घरांचं काय?"

"बघू," शेठ म्हणाले. त्यांनी मला ठेवून घेतलं आणि मामांना दारापर्यंत सोडायला गेले.

मामांनी सिस्टरना सगळं सांगितलं, असं मी शोरूमवर आल्यागेल्याकडून ऐकलं.  त्या म्हणाल्या, "औषध देताना मी रोज आधी माप बघते. त्याच दिवशी कशी विसरले?" चूक आम्हा सगळ्यांची, आणि त्यांनी ती स्वतःच्या माथी घेतली. पुढच्या महिन्यात त्यांची गाडी बंद पडली. आता त्या दर गुरुवारी बसने जातात आणि अंधार पडायच्या आत सोळातली चार घरं होतात.

मित्रांनो, मी शोरूममध्ये काचेच्या कपाटात आहे. खाली पाटी आहे, "याच मापाने विजेता ठरवला." पोच्याची बाजू शेठनी भिंतीकडे वळवून ठेवली आहे. मला अजूनही तुमचा पुरता भरवसा वाटत नाही, पण दुसरं सांगू तरी कुणाला? आईबाबांबरोबर गाडी बघायला याल, तेव्हा मोठी माणसं किती देते, किती देते करत असतील. कपाटाला कुलूप नाही. मला दोन्ही हातांनी अलगद उचला, आपटू नका, आणि फिरवून ठेवा. मग शेठना सगळ्यांसमोर विचारा, या मापाला हे काय झालं?