बेसिनमागचं भोक

वहिनींच्या घरात कुणीच सिगारेट ओढत नव्हतं. तरी दुपारी बाथरूमचं दार उघडलं की सिगारेटचा वास नाकात शिरायचा. खिडकीतून येत असेल म्हणून त्यांनी खिडकी लावून पाहिली, तर वास आणखीच दाटला.

धाकटे दीर जेवायला आले तेव्हा त्यांनी हसतहसत विषय काढला. "भाऊजी, आमच्याकडे एक पाहुणा येतो. दिसत नाही, नुसती सिगारेट ओढून जातो."

इमारतीत आग पसरू नये म्हणून भिंतींतली भोकं बुजवायची, हे दीरांचं काम. एरवी ते वहिनींच्या थट्टेला सव्वाशेर उत्तर द्यायचे. आज त्यांनी हातातला घास ताटात ठेवला.

"इथे सिगारेट कोण ओढतं?"

"चौथ्या मजल्यावरचे म्हातारबा. पण ते कुठे, आपण सातव्यावर कुठे."

दीर तसेच उठले आणि त्यांनी बेसिनखालचं कपाट ओढून काढलं. मागे भिंतीत, पाइपाभोवती, मूठ सहज जाईल एवढं भोक होतं. कुण्या प्लंबरने त्यात कागदाचे बोळे कोंबले होते. ते उपसताच कोंदट वारा तोंडावर आला आणि पाठोपाठ खोकल्याचा आवाज. म्हातारबा जणू कपाटातच बसून खोकत होते.

वहिनी दोन पावलं मागे सरकल्या.

"पाइपांचा हा डक्ट खालपासून वरपर्यंत सलग आहे," दीर म्हणाले. "सिगारेटचा वास इथवर येतो, मग आग लागली तर धूर यायला कितीसा वेळ लागेल?"

दुसऱ्या दिवशी सामान घेऊन येऊन त्यांनी भोकात न जळणारी लोकर ठासली, वरून लालसर लेप लिंपला आणि प्लॅस्टिकच्या पाइपाला एक पट्टा आवळला. "आगीत पाइप वितळला की हा पट्टा फुगतो आणि वाट बंद करतो." त्या दुपारपासून वास थांबला.

मग खालच्या घरांतलीही भोकं बुजवायला दोघं निघाले. सहाव्यावर ताई राहायच्या, वहिनींची जिवाभावाची मैत्रीण. त्यांनी नुकतंच बाथरूम नवं केलं होतं. निळ्या टाइल्स वहिनींनीच सोबत जाऊन पसंत केलेल्या. त्यांच्याकडचं भोक गाठायचं तर कपाट उखडायचं आणि टाइल्स फोडायच्या.

"आत्ता कुठे राड्यातून सुटलेय रे बाबा," ताई म्हणाल्या. "पुढच्या वर्षी बघू."

दीरांनी वहिनींकडे पाहिलं. वहिनी टाइल्सकडे पाहत होत्या. "खरंच छान दिसतायत," एवढंच त्या म्हणाल्या.

पाचव्याला कुलूप होतं. म्हातारबांनी दार किलकिलं केलं आणि परत लावून घेतलं.

निघताना दीर म्हणाले, "वहिनी, ताईंना एवढं तरी सांगा. धूर आला तर बाथरूममध्ये लपायचं नाही."

"सांगते," त्या म्हणाल्या. पण असलं अभद्र चांगल्या घरात बोलायचं कसं, म्हणून राहूनच गेलं.

काही आठवड्यांनी आग लागली, तीही दुपारीच. म्हातारबांना सिगारेट ओढताओढता डुलकी लागली आणि गादीने पेट घेतला. वहिनींनी जिन्याचं दार उघडलं तर समोर काळाकुट्ट धूर. त्यांनी दार लावून फटीला ओलं फडकं लावलं आणि धावत बाथरूम गाठलं. हवा स्वच्छ होती. भिंत मात्र गरम लागत होती आणि तिच्या आत काहीतरी घोंगावत होतं.

ताई कुठे असतील, हे त्यांना त्याच क्षणी कळलं. त्यांनी गुडघे टेकून बादलीने फरशी ठोकली. "ताई, तिथून बाहेर या, गॅलरीत जा." पण ज्या भोकातून चौथ्यावरचा खोकला ऐकू यायचा ते आता पक्कं बंद होतं. हाक आतल्या आतच राहिली.

वहिनींनी गॅलरीतून खाली आगीचा बंब पाहिला आणि त्या घसा फाटेस्तोवर ओरडल्या, "सहावा मजला, बाथरूममध्ये बाई आहे."

जवानांनी दार फोडून ताईंना उचलून आणलं, तेव्हा त्यांचा श्वास जेमतेम चालू होता. म्हातारबा गेले.

ताईंना बोलता येऊ लागलं तेव्हा वहिनी उशाशी बसल्या होत्या.

"मी दार घट्ट लावलं होतं गं," ताई कुजबुजल्या. "खाली टॉवेलही लावला. मग धूर आला कुठून?"

वहिनींनी त्यांचा हात हातात घेतला. खोटं सुचत होतं, पण ओठावर येईना.

"कपाटामागून," त्या म्हणाल्या. "मला माहीत होतं."

ताईंनी हळूच आपला हात सोडवून घेतला.