अकरा नावं

सोमवारी प्रार्थनेला मैदानावर चारशे तेरा मुलं होती, सतरा शिक्षक होते, कडुनिंबाला टांगलेला रुळाचा एक तुकडा होता आणि धुरपदामावशींच्या डोक्यात अकरा नावं होती. डोक्यात, कारण त्यांना लिहिता येत नाही.

दौंडच्या या चर्चच्या शाळेत मी जूनपासून विज्ञान शिकवते. मावशी शिपाई आहेत, भांडगावच्या माळ्याच्या घरातल्या. एकोणतीस वर्षं टोल देतात. ज्या मुलाच्या घरी कुणी आजारी असेल किंवा गेलं असेल, ते मूल आदल्या दिवशी येऊन मावशींच्या कानात नाव सांगतं. सकाळी बायबलचा उतारा झाला की मावशी ती नावं घेतात. एक नाव, मग शांतता, मग दुसरं. एका नावाला साधारण बावीस सेकंद जातात. मी मोजली आहेत. जात, धर्म, आडनाव यातलं त्या काही विचारत नाहीत.

गेल्या आठवड्यात दोन पत्रं आली. मंगळवारी सतरा पालकांच्या सह्यांचं: आमच्या घरच्यांची नावं ख्रिस्ती प्रार्थनेत घेऊ नयेत. शुक्रवारी बिशपसाहेबांच्या कचेरीतलं: प्रार्थना ही संस्थेची ओळख आहे, तीत इतर धर्मीयांची नावं येऊ नयेत आणि अख्रिस्ती कर्मचाऱ्यानं ती घेऊ नयेत. मी दोन्ही शेजारी ठेवून वाचली. पटांगणाच्या भिंतीवरून, फाटकावरून, नाताळच्या मांडवावरून ज्यांचं कधी पटलं नाही, त्यांचं शिपाईबाईंना गप्प करण्यावर तीन दिवसांत एकमत झालं होतं. दोन्ही पत्रांत मावशींचं नाव नव्हतं. शाळेत येऊन ती नावं ऐकून जावं, असंही कुणाला वाटलं नव्हतं.

शनिवारी मुख्याध्यापिका रणपिसेबाईंनी त्यांना बोलावलं. मी वह्या घेऊन तिथंच उभी होते.

"मावशी, सोमवारपासून नावं नकोत. पुस्तिकेतली प्रार्थना मी वाचेन. मग एक मिनिट शांतता, मग तुम्ही टोल द्या."

"आन् पोरांनी दिल्याली नावं?"

"पत्र आलंय. दोन्हीकडून आलंय."

"देवाचं हाय का त्यात येखादं?"

रणपिसेबाई हसल्या नाहीत. "माझी नोकरी आहे मावशी. तुमचीपण आहे."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "तुम्ही भांडायला हवं होतं."

"कुणासंगं? त्या बाईसंगं? तिच्या आईचं नाव मीच घेतलंय तीन म्हैने." पदरानं त्यांनी मान पुसली. "आमचे मालक आजारी व्हते तवा जुन्या पाळकसायबांनी हितंच नाव घेतलं. हरिबा. निस्तं हरिबा. जगले न्हाईत. पर येवढ्या पोरांनी नाव ऐकलं व्हतं. त्या दिसापास्नं मी घेती."

तेवढ्यात आठवीतली वैष्णवी आली. तिचे वडील ट्रक चालवतात. शिक्रापूरला अपघात होऊन चार दिवस बेशुद्ध आहेत. नावं बंद झाल्याचं तिला ठाऊक नव्हतं. ती मावशींच्या कानाशी वाकली.

"बाळासो," मावशी म्हणाल्या. "व्हय. अकरावं."

नावं बंद झाल्याचं मला तिला सांगता आलं असतं.

सोमवारी रणपिसेबाईंनी पुस्तिकेतली प्रार्थना वाचली. "आमेन" झालं. मी सवयीनं प्रयोगशाळेचं स्टॉपवॉच दाबलं.

मावशी रुळाजवळ उभ्या होत्या, ठोकायचा लोखंडी बोल्ट काखेत धरून. ओठ मिटलेले. डाव्या हाताचा अंगठा मिटला. बऱ्याच वेळानं पहिलं बोट. मिनिट झालं तेव्हा रणपिसेबाईंनी मान हलवून खूण केली. दोन मिनिटांवर त्या खाकरल्या. पुढच्या रांगेतल्या एका मुलानं मावशींच्या हाताकडं पाहिलं, शेजारच्याला कोपर लावलं, आणि तोही पाहू लागला. बघता बघता सगळ्या रांगा त्या बोटांकडं बघत होत्या. रणपिसेबाईंनी पुन्हा खूण केली नाही. खाली बघत राहिल्या.

दहाही बोटं मिटली. मग मावशींनी डावा अंगठा पुन्हा उघडला आणि वैष्णवीकडं पाहिलं. वैष्णवीनं डोळे मिटले.

मावशींनी काखेतला बोल्ट काढून टोल दिला. मी घड्याळ थांबवलं.

चार मिनिटं चार सेकंद.